एफडी मोडायची की नाही? आधी ती एफडी आहे का ते बघा

इंदिरानगर, नाशिकहून एका ताईंचं पत्र आलंय. यजमान अंबडच्या कंपनीत, वय 57, पुढच्या मार्चमध्ये निवृत्त होणार. दोन्ही बाथरूम नव्याने करायची आहेत आणि बेसिन कुठलं घ्यावं यावरून घरात वाद चाललाय. दुकानदाराने तीन भाव दिलेत: साधं सिरॅमिक 2,800, कृत्रिम मार्बल 9,000 आणि सॉलिड सरफेस 26,000. "वीस वर्षं टिकेल ते घेऊ. 2027 च्या कुंभमेळ्यात वरची खोली भाड्याने देऊन खर्च भरून काढू. सध्या नुकतीच केलेली 2 लाखांची एफडी मोडावी का?" सोबत एफडीच्या कागदाचा फोटो.

ताई, बेसिन थांबेल. फोटोतला कागद एफडीचा नाहीच. वर 'पॉलिसी क्रमांक' आहे, मध्ये 'वार्षिक हप्ता 2,00,000' आणि त्याच्या खाली बारीक अक्षरात 'हप्ते भरण्याची मुदत 10 वर्षे'. एफडीला कधी हप्ते असतात का? बँकेतल्या मॅडमनी "एफडीसारखंच आहे, व्याज तेवढं जास्त" म्हणत यजमानांच्या गळ्यात विमा मारलाय. हे वाक्य ऐकून ऐकून कान किटले.

आता हिशोब बघा. वर्षाला 2 लाख म्हणजे महिन्याला साडेसोळा हजार. मार्चनंतर पगार बंद. ईपीएसची (पीएफसोबतच्या कर्मचारी पेन्शन योजनेची) पेन्शन 15,000 च्या पगारमर्यादेवर धरली तर पस्तीस वर्षं नोकरी होऊनही साडेसात हजार, म्हणजे वर्षाला 90 हजार. ती सगळी हप्त्यात घातली तरी लाखभर कमीच, आणि जेवायचं काय? उरलेलं पीएफमधून, वयाच्या 66 पर्यंत. हे सगळं कशासाठी, तर माहितीपत्रकात विसाव्या वर्षी 40 लाख दाखवलेत, "भरलेले दुप्पट" म्हणून. पहिला हप्ता वीस वर्षं अडकतो, शेवटचा अकरा. सरासरी साडेपंधरा वर्षांत दुप्पट, म्हणजे साडेचार टक्क्यांच्या आसपास. तोवर यजमान 77 चे.

दुसरा हप्ता भरलाच नाही, तर पहिल्यातला बराचसा पैसा जातो.

पण तुम्ही लिहिलंय की कागद कुरिअरने येऊन पंधरा दिवस झाले. हे तुमचं नशीब. पॉलिसी हातात पडल्यापासून 30 दिवसांत ती रद्द करता येते, त्याला फ्री लूक म्हणतात. यजमानांच्या सहीचा अर्ज उद्याच द्या: पॉलिसी क्रमांक, कागद मिळाल्याची तारीख, "एफडी सांगून दिली, फ्री लूकमध्ये रद्द करावी". अर्ज बँकेत नाही, विमा कंपनीच्या शाखेत द्यायचा. आपल्या प्रतीवर तारखेसह पोचेचा शिक्का घ्या, तोच अर्ज ई-मेलही करा. कुरिअरचं पाकीट फेकलं नसेल तर जपून ठेवा, तारखेचा पुरावा तोच. मुद्रांक शुल्क, वैद्यकीय तपासणीचा खर्च झाला असेल तर तो आणि थोड्या दिवसांच्या विमासंरक्षणाचे पैसे कापून बाकी रक्कम परत येते.

बँकेतून फोन येईल. "एक वर्ष थांबा", "दुसऱ्या प्लॅनमध्ये बदलून देतो", "साहेबांशी बोला". काही बोलू नका, अर्ज दिलाय एवढंच सांगा. कंपनी टोलवाटोलवी करायला लागली तर विमा नियामकाच्या 'विमा भरोसा' या तक्रार पोर्टलवर तक्रार टाका. महिनाभरात दाद लागली नाही तर पुण्याच्या विमा लोकपालांकडे जा. तिथे फी लागत नाही, वकीलही लागत नाही.

निवृत्तीचे पैसे हातात आले की ज्येष्ठ नागरिक बचत योजना बघा, पोस्टात किंवा बँकेत. सध्या 8.2 टक्के, व्याज दर तिमाहीला. यजमान साठीच्या आत निवृत्त होताहेत, म्हणून पैसे मिळाल्यापासून तीन महिन्यांत खातं उघडावं लागेल. फक्त फॉर्मवर योजनेचं नाव स्वतः वाचा. त्याच टेबलावर त्याच मॅडम असतील.

कुंभमेळ्याचं म्हणाल, तर मुख्य स्नानं तीन, ऑगस्ट-सप्टेंबर 2027 मध्ये. प्रत्येकी तीन रात्री आणि रात्रीचे 3,000 धरले, तरी झाले 27,000. गाद्या, वीज, पाण्याचा टँकर यातूनच. शिवाय तेव्हा अर्धं नाशिक 'खोली मिळेल'ची पाटी लावून बसलेलं असेल. भाविक बेसिनकडे बघून खोली घेत नाही.

बेसिन सिरॅमिकचंच घ्या. भट्टीत पक्कं भाजलेलं आणि काचेसारखी चकाकी बसलेली, त्यामुळे पाणी मुरत नाही. बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग व्हिनेगरने निघतात. कृत्रिम मार्बल म्हणजे रेझिन आणि दगडाची भुकटी. वरचा थर घासून घासून पातळ होतो, पिवळा पडतो, आणि गीझरच्या कढत पाण्याने जाळीभोवती बारीक तडे जातात. सॉलिड सरफेस, म्हणजे आरपार एकाच मालाचं, चांगलं असतं, ओरखडा पडला तर घासून काढता येतो. पण एकाच्या पैशात सिरॅमिकची नऊ येतात. सिरॅमिकला भीती एकच, वरून पितळी तांब्या पडण्याची. पडलाच तर 2,800 चं नवीन लावा.

बेसिनच्या आधी खालचा बॉटल ट्रॅप (सांडपाण्याच्या पाइपवरची बाटली) आणि अँगल कॉक (नळाचं पाणी बंद करायचा भिंतीतला छोटा कॉक) गळायला लागतात, तिथे मात्र हात आखडू नका. दोन बेसिन, नळ, फिटिंग, प्लंबरची मजुरी धरून बारा-तेरा हजारांचं काम आहे. मार्चच्या आत पगारातून उरकून घ्या.