ऊसतोड मजुरांसाठी चर्चने भाजीची बाग केली, तर त्यांची भूक खरंच भागेल का?

अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या सीडर ग्रोव्ह गावात चर्चने २००५ मध्ये सुरू केलेल्या अनाथोथ या सामुदायिक बागेबद्दल तुम्ही वाचलंत, आणि आता तुमच्या चर्चच्या मंडळीतल्या तरुणांना पुणे जिल्ह्यातल्या ऊसतोड मजुरांसाठी तसंच काही करायचंय. त्याने भूक भागेल का, असं तुम्ही विचारलंय. मी दौंड तालुक्यात एका मराठी मंडळीबरोबर हेच काम करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

भागेल, पण कुठली भूक ते आधी बघा. ज्वारी-बाजरी बऱ्याच टोळ्या गावाकडूनच आणतात. ताटात नसतं ते कोरड्यास, म्हणजे भाकरीबरोबरची भाजी. पहाटे अंधारातच नवरा-बायकोची जोडी, म्हणजे एक ‘कोयता’, उसाच्या फडात उतरते. दिवसभर तोडायचं, मोळ्या बांधायच्या, त्या डोक्यावरून नेऊन ट्रॅक्टर भरायचा. कोपीवर, म्हणजे झोपडीवर, परत येईपर्यंत बाईच्या अंगात तीन दगडांची चूल पेटवण्यापुरतंच बळ उरतं. भाकरी आणि ठेचा, झालं जेवण. बाजार आठवड्यातून एकदा, तोही टोळी आणणाऱ्या मुकादमाने दिलेल्या खर्चीतून, आणि ती खर्ची पुन्हा हिशेबात कापली जाते. मग टिकतील म्हणून कांदे-बटाटे घेतले जातात, पालेभाजी नाही. हे महिनोन्‌महिने चालतं, आणि अशा कोपीत एखादी गरोदर किंवा अंगावर पाजणारी बाई असली, की हे जेवण बघून माझ्या पोटात कालवतं.

त्यामुळे बाग पालेभाजीची करा. सुरुवातीला टोमॅटो-वांग्याच्या मागे लागू नका.

दुसरी गोष्ट वेळेची. हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. टोळी आल्यावर बी टाकलंत तर पहिला महिना वाया जातो, आणि फड बदलला की ती माणसं तुमची भाजी न खाताच पुढे जातात. शिवाय दिवसभर ऊस तोडून आलेल्या बाईला ‘या, आपण मिळून वाफे करू’ म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. सामुदायिक बाग म्हटलं की खाणाऱ्याने राबलंच पाहिजे, हा आग्रह इथे सोडून द्या. राबायचं ते इथे कायम राहणाऱ्यांनी, म्हणजे आपण. दसऱ्याच्या सुमारास माठ, मेथी, पालक, शेपू पेरा, आणि मग दर पंधरवड्याला नवा वाफा. मेथी-माठ साधारण महिन्यात हाताशी येतात, पालक पुन्हा पुन्हा कापता येतो. कुंपणाला शेवगा लावा. शेंगा यायला वेळ लागतो, पण पाल्याचीही उत्तम भाजी होते. आणि मेथी निवडूनच द्या. चिमणीच्या उजेडात जुडी निवडत बसायला तिथे कोणाला सवड नसते. आमच्याकडे रविवारच्या उपासनेनंतर वयस्कर बायका हे काम करतात, आणि फार मनापासून करतात.

काय पेरायचं, ते मात्र मजूर बायांनाच विचारा. बीडकडची एक बाई आमच्या बागेत आली. पालकाकडे तिने बघितलंही नाही. पाटाच्या कडेला आपोआप उगवलेला तांदुळजा ती नखाने खुडायला लागली, फक्त शेंडे, मूळ जागेवर ठेवून. म्हणाली, “ताई, पहिलं हे उसातच घावायचं. आता तणाचं औषध मारत्यात, खायाचं भ्या वाटतं.” तेव्हापासून आम्ही तांदुळजा मुद्दाम राखतो, घोळाची भाजीही उपटून टाकत नाही.

बायबलात लेवीय १९ मध्ये शेताचे कोपरे कापू नका, पडलेला सरवा गरिबांसाठी आणि परक्यांसाठी राहू द्या, अशी आज्ञा आहे. परदेशातून आलेली विधवा रूथ त्याच आधारावर बवाज नावाच्या शेतमालकाच्या शेतात गेली. तिला कोणी टोपली भरून हातात ठेवली नाही; तिने स्वतः वेचलं, आणि बवाजाने गड्यांना सांगितलं की तिच्यासाठी मुद्दाम काही कणसं टाका. जिला जमेल तिने स्वतः येऊन खुडावं, नाव-गाव कोणी विचारू नये, असं आम्ही त्यावरूनच ठरवलं. भाजीबरोबर पत्रकं वाटू नका, प्रार्थनेला येण्याची अट घालू नका. उपाशी माणसापुढे विश्वासाची अट ठेवणं मला प्रभू येशूच्या शिकवणीत कुठे दिसत नाही. आणि बाग सुरू करण्याआधी सरपंचांना भेटा, सगळं उघड असू द्या.

हे काम आपल्याला परकंही नाही. पंडिता रमाबाईंनी याच तालुक्यात केडगावला जमीन घेतली ती त्यांच्या शारदा सदन या विधवांसाठीच्या शाळेला उत्पन्न मिळावं म्हणून, फळबागेसाठी. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणलेल्या मुलींना तीच जमीन उपयोगी पडली आणि तिथे मुक्ती मिशन उभं राहिलं.

पण नुसत्या बागेवर थांबू नका. अमेरिकेत चर्चच्या स्त्रियांनी १९२० मध्ये स्थलांतरित शेतमजुरांच्या मुलांसाठी काम सुरू केलं. १९६५ मध्ये कॅलिफोर्नियात द्राक्षमळ्यांतला संप झाला, तेव्हा तिथलं हे सेवाकार्य मजुरांच्या बाजूने उभं राहिलं आणि १९७१ मध्ये त्यातूनच नॅशनल फार्म वर्कर मिनिस्ट्री झाली. मदतीच्या टोपलीपासून हक्कापर्यंतचा हा रस्ता आपणही चालायला हवा. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने रेशनच्या प्राधान्य यादीतल्या कुटुंबाला माणशी महिना ५ किलो धान्य मिळतं, आणि ‘एक देश एक रेशनकार्ड’मुळे ते दौंडच्या दुकानातही अंगठा लावून घेता येतं. गावी राहिलेल्या म्हाताऱ्यांचा वाटा गावीच राहतो. हे अनेक मजुरांना कोणी सांगितलेलंच नसतं. दुकानदार कुरकुरला तर सोबत जाऊन उभे राहा. सहा वर्षांखालची मुलं, गरोदर आणि स्तनदा माता यांना अंगणवाडीतून आहार मिळण्याचा हक्कही याच कायद्यात आहे, तेव्हा जवळच्या सेविकेला एकदा कोप्यांवर घेऊन या. माझ्या मते बागेचा सगळ्यात मोठा उपयोग इथेच होतो: भाजीच्या निमित्ताने ओळख होते, आणि ओळख झाली की बाया कार्ड दाखवतात.

यंदाच सुरुवात करायची असेल तर सप्टेंबरअखेर जमीन तयार हवी. ज्यांच्या विहिरीवर बाग करणार, त्यांच्याशी फेब्रुवारी-मार्चच्या पाण्याचं आत्ताच बोलून घ्या. कालव्याचं आवर्तन लांबलं की आधी पालेभाजीच जळते, आणि टोळ्या तेव्हा इथेच असतात.