सेवासंस्थांतील सततची सुधारणा: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

सेवासंस्थांतील कामकाजाविषयी नागपूरच्या वाचकांकडून आलेल्या प्रश्नांपैकी पाच येथे घेतले आहेत. प्रश्नकर्त्यांची नावे गाळली असून प्रश्न थोडे संक्षिप्त केले आहेत.

प्रश्न: आमच्या रुग्णालयात आम्ही प्रत्येक मजल्यावर सूचनापेटी बसवली. आरंभी पुष्कळ चिठ्ठ्या आल्या. आता पेटी महिनोन्महिने रिकामी असते. कर्मचाऱ्यांना सुधारणेची आस्थाच नाही, असे समजावे काय? (प्रशासन अधिकारी, रामदासपेठ)

तसे समजू नये. आरंभी चिठ्ठ्या आल्या, याचा अर्थ सांगण्यासारखे काही होते आणि सांगण्याची तयारीही होती. त्या जुन्या चिठ्ठ्या बाहेर काढाव्यात आणि त्यांपैकी किती सूचनांना होकारार्थी किंवा नकारार्थी उत्तर मिळाले, हे आधी तपासावे. पेटी महिन्यातून एकदा उघडली जाते, चिठ्ठ्या समितीकडे जातात, समितीची बैठक पुढे ढकलली जाते आणि सूचना करणाऱ्या परिचारिकेला आपल्या चिठ्ठीचे काय झाले हे कधीच कळत नाही, असा क्रम बहुतेक ठिकाणी आढळतो. ज्या सूचनेला उत्तर मिळत नाही, ती करणारा माणूस दुसऱ्यांदा लिहीत नाही. यात आस्थेचा अभाव नसून साधा अनुभव आहे.

टोयोटा कंपनीत कामगारांच्या सूचनांची योजना १९५१ पासून चालू आहे. ती टिकण्याचे महत्त्वाचे कारण असे, की सूचना ऐकणे, ती सुधारून घेणे आणि करून पाहणे हा तेथील पर्यवेक्षकाच्या नेमलेल्या कामाचा भाग मानला जातो. सेवासंस्थेत तर याची गरज अधिक आहे. कारखान्यातील सदोष नग टेबलावर पडून राहतो आणि चार जणांना दिसतो. रुग्णालयातील सदोष सेवा मात्र रुग्णाबरोबर घरी निघून जाते आणि ती पाहिलेली एकमेव व्यक्ती बहुधा त्या पाळीवरची सिस्टर किंवा बिलिंगचा लिपिक असते.

पेटी काढून टाकली तरी चालेल. त्याऐवजी पाळी बदलताना वॉर्ड-प्रमुखाने उभ्या-उभ्या दहा मिनिटांची बैठक घ्यावी आणि काल काम कोठे अडले, एवढेच विचारावे. उत्तरे फळ्यावर लिहावीत आणि प्रत्येक उत्तरापुढे ते कोण पाहणार व केव्हापर्यंत, हेही लिहावे. वॉर्डाच्या पातळीवर सुटणाऱ्या गोष्टींसाठी वॉर्ड-प्रमुखाला थोडा खर्च करण्याचा अधिकार द्यावा, कारण दोनशे रुपयांच्या ट्रेसाठी तीन सह्या लागत असतील तर फळा लवकरच सूचनापेटीच्या वाटेने जाईल.

आरंभ करण्यास डिस्चार्जची प्रक्रिया उत्तम. डॉक्टरांनी सकाळच्या फेरीत घरी जाण्याची परवानगी दिल्यापासून रुग्ण प्रत्यक्ष बाहेर पडेपर्यंतच्या वेळेची नोंद टप्प्याटप्प्याने ठेवावी: डिस्चार्ज कार्ड तयार होणे, उरलेली औषधे परत जाणे, बिल, विम्याची मंजुरी. विलंबाचे खापर हमखास विमा कंपनीवर फोडले जाते. तथापि, विमा नियामकाने मे २०२४ च्या परिपत्रकात कॅशलेस रुग्णाच्या अंतिम मंजुरीसाठी कंपनीला तीन तासांची मर्यादा घातली आहे आणि ते घड्याळ रुग्णालयाची विनंती पोहोचल्यावर सुरू होते. विनंती जाण्यापूर्वीचा सारा वेळ रुग्णालयाचा स्वतःचा असतो. तो कोठे जातो, हे बाहेरच्या सल्लागारापेक्षा बिलिंगच्या खिडकीवरचा कर्मचारी अधिक अचूक सांगेल.

प्रश्न: आमच्या पतसंस्थेत शाखाधिकाऱ्यांचा बोनस तक्रारींच्या संख्येशी जोडल्यापासून तक्रारी निम्म्याहून कमी झाल्या. संचालक मंडळ समाधानी आहे. ही सुधारणा मानावी काय? (व्यवस्थापक, महाल)

माझे मत नकाराकडे झुकते. आपण तक्रारींवर किंमत लावली. त्यामुळे तक्रारी कमी झाल्या की तक्रारींची नोंद कमी झाली, हे या आकड्यावरून सांगता येत नाही. खातेदाराला खुर्ची देऊन, चहा पाजून, 'लेखी कशाला देता, मी पाहतो' असे म्हणणे हा बोनस राखण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग आहे.

अमेरिकी संशोधक एमी एडमंडसन यांनी रुग्णालयांतील औषधोपचाराच्या चुकांचा अभ्यास १९९६ साली प्रसिद्ध केला. चांगले नेतृत्व असलेल्या परिचारिका-गटांत चुका कमी सापडतील, अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात तेथे अधिक चुका नोंदल्या गेल्या होत्या. त्याचा उलगडा असा, की त्या गटांतील माणसे चूक बोलून दाखवण्यास कचरत नव्हती. याची दुसरी बाजू वेल्स फार्गो या अमेरिकी बँकेत दिसली. तेथे विक्रीच्या अवाजवी लक्ष्यांखाली कर्मचाऱ्यांनी ग्राहकांच्या संमतीविना लक्षावधी खाती उघडली. २०१६ साली बँकेला १८.५ कोटी डॉलरचा दंड झाला, तोवर सुमारे ५,३०० कर्मचाऱ्यांना काढून टाकण्यात आले होते. लक्ष्य ठरवणाऱ्यांच्या टेबलावरचे आकडे मात्र वर्षानुवर्षे उत्तम दिसत होते. अमेरिकी गुणवत्ता-तज्ज्ञ डब्ल्यू. एडवर्ड्स डेमिंग यांनी व्यवस्थापकांसाठी सांगितलेल्या चौदा सूत्रांत 'भीती घालवा' हे सूत्र आहे. भीतीच्या वातावरणात माहिती खोटी होते आणि खोट्या माहितीवर सुधारणा उभी राहत नाही, हा त्यामागचा व्यवहार आहे.

बोनसचा संबंध तोडावा. तक्रार नोंदल्यापासून तिचे मूळ कारण दूर होईपर्यंत किती दिवस लागले, याचा आढावा घ्यावा आणि हा आढावाही बक्षिसाशी जोडू नये. पहिल्या काही महिन्यांत तक्रारी वाढतील. संचालक मंडळाला याची कल्पना आधीच दिलेली बरी, अन्यथा हा बदल तिसऱ्या बैठकीतच गुंडाळला जाईल.

प्रश्न: आमच्या दुचाकी सर्व्हिस सेंटरला आयएसओ ९००१ प्रमाणपत्र मिळाले आहे. यापुढे वेगळ्या सुधारणा-कार्यक्रमाची गरज आहे काय? (मालक, वाडी)

आहे. गुणवत्ता-व्यवस्थापनाच्या या आंतरराष्ट्रीय मानकाच्या २०१५ च्या आवृत्तीत व्यवस्थापनाने ठरावीक काळाने आढावा घेणे आणि सतत सुधारणा करणे या दोन्ही अपेक्षा स्पष्ट लिहिल्या आहेत; म्हणजे प्रमाणपत्र ही सुधारणेची सुट्टी नव्हे. प्रमाणपत्र साधारणतः तीन वर्षांचे असते आणि मध्ये वार्षिक तपासणी होते. तपासणीच्या आदल्या आठवड्यात रजिस्टरे भरली जात असतील, तर आपल्याकडे मानक नाही, कागद आहे, एवढे निश्चित.

प्रश्न: आमच्या कुरिअर डेपोत वेळेवर पोहोचलेल्या पार्सलांची टक्केवारी मी रोज सकाळी पाहतो. काल ९३ होती, आज ८८. घसरण झाली की संबंधितांना जाब विचारतो आणि दुसऱ्या दिवशी आकडा सुधारतोही. तरी वर्षाची सरासरी जागची हलत नाही. असे का? (डेपो व्यवस्थापक, वर्धमाननगर)

कारण जाब विचारला नसता, तरीही दुसऱ्या दिवशी आकडा बहुधा सुधारलाच असता. सरासरीच्या बराच खाली गेलेला आकडा पुढच्या खेपेस सरासरीकडे परततो. आपल्याला मात्र तो आपल्या बोलण्याचा परिणाम वाटतो. त्याच न्यायाने, चांगल्या दिवशी केलेल्या कौतुकानंतर आकडा खाली येतो आणि कौतुकाने माणसे बिघडतात असा समज पक्का होतो. अनेक कडक व्यवस्थापक याच रीतीने घडले असावेत.

अमेरिकी संख्याशास्त्रज्ञ वॉल्टर शूहार्ट यांनी १९२४ साली यावर नियंत्रण-आलेखाचा, म्हणजे नेहमीचे चढउतार कोणत्या मर्यादांत राहतात हे दाखवणाऱ्या आलेखाचा, उपाय मांडला. गेल्या तीस दिवसांचे आकडे घ्यावेत, त्यांची सरासरी काढावी, लगतच्या दोन दिवसांमधील फरकांचीही सरासरी काढावी आणि या दुसऱ्या सरासरीस २.६६ ने गुणावे. समजा, सरासरी ९१ आणि दैनंदिन फरक सरासरी २ आहे. तर मर्यादा ९१ च्या वर-खाली सुमारे ५.३, म्हणजे अंदाजे ८५.७ ते ९६.३ अशा येतील. या पट्ट्यातील ८८ हा आकडा म्हणजे कोणाचा हलगर्जीपणा नसून आपल्या व्यवस्थेचे नेहमीचे वागणे आहे. आकडा पट्ट्याबाहेर गेला, तर त्या दिवशी काय वेगळे घडले याचा शोध जरूर घ्यावा. पट्टाच वर सरकवायचा असेल, तर मार्गांची आखणी, गाड्या सुटण्याची वेळ, पत्त्यांच्या नोंदीतील चुका यांत बदल करावा लागेल, आणि हे बदल डिलिव्हरी करणाऱ्या मुलाच्या नव्हे, आपल्या हातात आहेत.

प्रश्न: आमच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये सकाळी नोंदणीच्या खिडकीवर दीड-दीड तास रांग असते. कर्मचारी क्षणभरही रिकामा बसत नाही. आणखी एक माणूस नेमण्याशिवाय उपाय आहे काय? (संचालक, धंतोली)

कर्मचारी क्षणभरही रिकामा नसतो, हेच रांगेचे कारण आहे. टेलिफोन एक्स्चेंजवरील कॉलच्या गर्दीचे गणित डॅनिश गणितज्ञ ए. के. अर्लांग यांनी १९०९ पासून मांडले. त्यातून वाढलेल्या शास्त्राचा एक साधा निष्कर्ष असा: खिडकी एक असेल, माणसे अनियमितपणे येत असतील आणि प्रत्येकाला लागणारा वेळही बदलता असेल, तर कर्मचारी ८० टक्के वेळ व्यग्र असताना सरासरी प्रतीक्षा एका ग्राहकाच्या कामास लागणाऱ्या वेळेच्या चौपट असते, ९० टक्क्यांवर ती नऊपट आणि ९५ टक्क्यांवर एकोणीसपट होते. एका नोंदणीस सरासरी पाच मिनिटे धरल्यास ही प्रतीक्षा अनुक्रमे २०, ४५ आणि ९५ मिनिटे येते. आपली दीड तासाची रांग या शेवटच्या टोकाजवळची दिसते.

पहिला उपाय गर्दी पसरवण्याचा. उपाशीपोटी तपासणीचे सारे रुग्ण आठच्या सुमारास येतात आणि त्यांतले जेवणानंतरच्या साखरेसाठी थांबलेले रुग्ण दोन-अडीच तासांनी पुन्हा त्याच खिडकीवर उभे राहतात, वास्तविक त्यांची नोंदणी आधीच झालेली असते. या दुसऱ्या फेरीला खिडकीवर येऊच देऊ नये. सकाळच्याच पावतीवर त्यांनी थेट नमुना देण्याच्या खोलीत जावे. शहरातल्या रुग्णांना फोनवर वेळ नेमून द्यावी आणि छिंदवाडा, बालाघाट, गोंदिया येथून सकाळच्या गाडीने येणाऱ्यांसाठी काही जागा राखून ठेवाव्यात, कारण त्यांची वेळ रेल्वे आणि एसटी ठरवते.

दुसरा उपाय खिडकीवरच्या मिनिटांचा आहे. त्याच गर्दीत एका नोंदणीचा वेळ पाच मिनिटांवरून सव्वाचारवर आणला, तर कर्मचाऱ्याची व्यग्रता ८१ टक्क्यांच्या आसपास येते आणि सरासरी प्रतीक्षा ९५ मिनिटांवरून सुमारे १८ मिनिटांवर. ही पाऊण मिनिटे डॉक्टरांची अस्पष्ट चिठ्ठी वाचण्यात, सुट्ट्या पैशांत किंवा जुन्या रुग्णाचा पत्ता पुन्हा टंकण्यात जात असतील. नेमकी कोठे, ते खिडकीवरच्या व्यक्तीला ठाऊक आहे. मात्र तिने ते सांगावे यासाठी तिला दिवसातून अर्धा तास खिडकीवरून मोकळे करावे लागेल. मालकांना हा अर्धा तास वाया गेलेला दिसतो आणि बहुतेक ठिकाणी सुधारणा तेथेच थांबते. दुपारी रांग ओसरल्यावर तो द्यावा. महिनाभर दोन्ही उपाय करूनही प्रतीक्षा अर्ध्या तासाखाली आली नाही, तर दुसरा माणूस अवश्य नेमावा, पण पूर्ण दिवसासाठी नव्हे. सकाळी साडेसात ते अकरा एवढ्यापुरता पुरेल.