नंदा कोणत्या कलमाने पंतप्रधान झाले?

प्रश्न : राष्ट्रपतींचे पदावर असताना निधन झाले तर उपराष्ट्रपती त्यांचे काम पाहतात, हे ठाऊक आहे. पंतप्रधानांचे अकस्मात निधन झाल्यास उपपंतप्रधान आपोआप त्यांची जागा घेतात का? गुलझारीलाल नंदा दोनदा हंगामी पंतप्रधान झाले, ते कोणत्या कलमाने?

उत्तर : आपोआप असे काहीच होत नाही. आपल्या राज्यघटनेत उपपंतप्रधानपदाचा उल्लेख नाही आणि 'हंगामी पंतप्रधान' हा शब्दही नाही. तिसऱ्या अनुसूचीतील शपथेतदेखील 'संघराज्याचा मंत्री' एवढेच म्हटलेले आहे. पंतप्रधानही तीच शपथ घेतात. त्यामुळे नंदांचा आधार शोधायचा तर तो ७४ आणि ७५ या दोन कलमांतच शोधावा लागतो. पहिल्यानुसार राष्ट्रपतींना सल्ला देण्यासाठी पंतप्रधानांच्या नेतृत्वाखालील मंत्रिमंडळ असलेच पाहिजे आणि दुसऱ्यानुसार पंतप्रधानांची नेमणूक राष्ट्रपती करतात. नेहरूंचे २७ मे १९६४ रोजी दुपारी निधन झाले, तेव्हा मंत्रिमंडळातील ज्येष्ठ सहकारी आणि गृहमंत्री असलेल्या नंदांना राष्ट्रपती राधाकृष्णन यांनी त्याच दिवशी शपथ दिली. काँग्रेस संसदीय पक्षाने नेता निवडल्यावर ९ जूनला लालबहादूर शास्त्री पंतप्रधान झाले. शास्त्रीजींचे ११ जानेवारी १९६६ रोजी ताश्कंद येथे निधन झाले, तेव्हाही हाच क्रम पाळला गेला. फरक एवढाच की या वेळी मतदान झाले आणि इंदिरा गांधींनी मोरारजी देसाई यांचा ३५५ विरुद्ध १६९ मतांनी पराभव केला.

दोनदा घडले म्हणून त्याला नियम समजण्याची चूक मात्र करू नये. ३१ ऑक्टोबर १९८४ रोजी इंदिरा गांधींची हत्या झाली, तेव्हा राष्ट्रपती झैलसिंग परदेश दौऱ्यावर आणि राजीव गांधी पश्चिम बंगालमध्ये होते. दोघेही दिल्लीत परतले आणि त्याच संध्याकाळी, मध्ये कोणालाही हंगामी न नेमता, राजीव गांधींचा शपथविधी झाला. घटनेच्या दृष्टीने त्यात काही वावगे नव्हते, तरी पक्षाला विचार करायला तेरा दिवस देणारी आधीची पद्धत मला अधिक निकोप वाटते.

राष्ट्रपतिपदाबाबत घटना अधिक सावध आहे, पण तिथेही एक फट राहिली होती. ३ मे १९६९ रोजी झाकिर हुसेन यांचे निधन झाले आणि ६५व्या कलमानुसार उपराष्ट्रपती गिरी कार्यभार पाहू लागले. मात्र त्यांना स्वतःला राष्ट्रपतिपदाची निवडणूक लढवायची होती. ते राजीनामा देऊन बाहेर पडले तर पुढे कोण, याचे उत्तर घटनेत नव्हते. म्हणून त्याच महिन्यात संसदेने कायदा करून सरन्यायाधीशांचे नाव पुढे ठेवले आणि न्या. हिदायतुल्ला यांनी २० जुलै ते २४ ऑगस्ट या काळात राष्ट्रपतिपदाची जबाबदारी सांभाळली. पंतप्रधानपदासाठी असा कायदा संसदेने अद्याप केलेला नाही.