सोलापूर-पुणे प्रवासात इलेक्ट्रिक कारचा प्लग सगळीकडे बसतो का? पैसे देण्यासाठी किती ॲप्स लागतात?

प्लग बहुतेक ठिकाणी बसेल, अडचण पैसे भरताना येते, कारण प्रत्येक चार्जिंग कंपनीचं ॲप वेगळं आणि बहुतेकांचं वॉलेटही वेगळं, तेव्हा निदान दोन-तीन ॲप्स हवीतच. आज भारतात विकल्या जाणाऱ्या बहुतेक कारना फास्ट चार्जिंगसाठी सीसीएस-२ सॉकेट असतं. झाकण उघडून बघा: वर सात छिद्रांचा गोल, तो टाइप-२, हळू एसी चार्जिंगचा; त्याखाली दोन मोठी छिद्रं, ती डीसीची, म्हणजे फास्ट चार्जिंगची. हे दिसलं की प्लगची काळजी सोडा.

या सुमारे 250 किलोमीटरच्या रस्त्यावर मी नेहमी गाडी नेतो, त्या अनुभवावरून सांगतो: ॲप्स आदल्या रात्री घरीच घ्या, ओटीपी येऊन खातं उघडलंय ना ते बघा आणि प्रत्येकात गरजेपुरतेच पैसे टाका, उरलेले वॉलेटमध्येच अडकून पडतात. मोहोळ-टेंभुर्णीच्या उन्हात, हातात चार्जरची गन (केबलच्या टोकाचा प्लग) धरून ओटीपीची वाट बघणं फार त्रासाचं होतं. पेट्रोल पंपावर क्यूआर स्कॅन केला की काम होतं, इथेही तसंच व्हायला हवं. काही ठिकाणी थेट यूपीआय चालतं, पण त्या भरवशावर निघू नका.

मात्र गाडी जुनी ई-व्हेरिटो किंवा सुरुवातीची टिगोर ईव्ही असेल, तर तिचं डीसी सॉकेट जीबी/टी या वेगळ्या प्रकारचं असतं, त्यात सीसीएस-२ बसत नाही. अशा वेळी ॲपमध्ये कनेक्टरचा फिल्टर लावूनच थांबे ठरवा.