घरी वऱ्हाडी बोलतो, मग मुलीच्या शुद्धलेखन-व्याकरणाच्या चाचणीची तयारी कशी करून घ्यावी?

ताई, तुम्ही विचारलंय की मुलगी सहावीत आहे, महिन्याभरावर शुद्धलेखन, व्याकरण आणि विरामचिन्हांची चाचणी आहे, तुम्ही स्वतः दहावीपर्यंत शिकल्या आहात, आणि घरी सगळे वऱ्हाडी बोलता म्हणून तिच्या चुका होतात का. मी दर्यापूर तालुक्यातल्या एका गावात अकरा वर्षांपासून संध्याकाळी पोरांचा अभ्यास घेतो. त्या अनुभवावरून सांगतो.

आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर. हो, काही चुका बोलीमुळे होतात. पण म्हणून घरातली बोली बंद करू नका. मी चौथीत असताना पाटीवर ‘पानी’ लिहिलं म्हणून मला सगळ्या वर्गासमोर उभं केलं होतं. पुढचं सबंध वर्ष मी वर्गात तोंड उघडलं नाही. ‘पाणी’ मात्र त्यानंतरही चुकतच राहिलं, कारण चूक कुठून येते हे मला कोणी समजावलंच नव्हतं.

मागच्या पावसाळ्यात एका पोरीच्या वहीत वाक्य होतं: ‘विहीरीत पानी आहे’. तीन शब्दांत दोन चुका, आणि दोन्ही वेगळ्या जातीच्या. ‘पानी’ कानामुळे आलं. आपल्याकडे ‘ण’चा ‘न’ होतो, ‘ळ’चा ‘य’ होतो. आपण आभाय म्हणतो, जवय म्हणतो, डोया म्हणतो. गाळ आणि गाय काही घरांत तोंडातून सारखेच निघतात. लेकराने ऐकलं तसं लिहिलं. इथे नियम सांगून भागत नाही, शब्द डोळ्यांना ओळखीचे व्हावे लागतात. मन आणि मण, जन आणि जण, खान आणि खाण अशा जोड्या करून वाक्यात वापरायला लावा. संस्कृतातून आलेल्या शब्दांत र, ऋ किंवा ष नंतर बहुतेक वेळा ‘ण’ येतो (कारण, ऋण, भूषण), एवढी खूण तिला द्या.

‘विहीरीत’ची गोष्ट वेगळी. ही चूक पुण्यातलं पोरगंही करतं. इथे नियम आहे, आणि तो एकदा हाती लागला की निम्मे गुण तिथेच येतात. शब्दाच्या शेवटी ‘अ’ असेल तर त्याच्या आधीचा इकार-उकार दीर्घ लिहायचा. पुढे प्रत्यय लागून शब्दाचं रूप बदललं की तोच ऱ्हस्व होतो. विहीर, पण विहिरीत. तूर, पण तुरीची डाळ. पीक, पिकाला. जमीन, जमिनीत. दूध, दुधात. ऊस, उसाला. बहीण, बहिणीला. आमचं दर्यापूरच घ्या: दर्यापूर, पण दर्यापुरात. ‘दर्यापूरला’ मात्र दीर्घच, कारण ‘ला’ लागूनही मूळ शब्द बदलला नाही. हे पुस्तकातल्या शब्दांवर शिकवू नका, वावरातल्या आणि चुलीजवळच्या शब्दांवर शिकवा. भाजी निवडता निवडता तुम्ही म्हणा ‘तूर’, तिने म्हणावं ‘तुरीची, ऱ्हस्व’. आठवड्यात बसतं. अपवाद संस्कृत शब्दांचे: शरीर-शरीरात, परीक्षा-परीक्षेत. ते जसे आहेत तसेच राहतात.

शब्दाच्या शेवटचा इकार-उकार मराठीत दीर्घच: कवी, गुरू, वस्तू. समासात आधी आला की संस्कृत शब्द मूळ रूपावर जातो, म्हणून गुरू पण गुरुवार, कवी पण कविराज. ‘आणि’, ‘परंतु’, ‘तथापि’ ऱ्हस्व, हे पाठच करून घ्या.

पोरं विचारतात, हे नियम ठरवले कोणी? मराठी साहित्य महामंडळाने केलेले 14 नियम 1962 साली शासनाने मान्य केले, 1972 मध्ये 4 वाढले, असे एकूण 18. त्याआधी मोडी कागदांत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद जवळजवळ पाळतच नसत. तुमच्या घरी आजेसासऱ्यांच्या वेळचा एखादा मोडी कागद असेल तर मुलीला दाखवा. नियम माणसांनी बसून ठरवले आहेत, म्हणजे ते आपल्यालाही शिकता येतात, हे तिला कळू द्या.

अनुस्वारासाठी एकच प्रश्न विचारायला शिकवा: एक की जास्त? ‘घरात’ म्हणजे एका घरात, ‘घरांत’ म्हणजे अनेक. मान द्यायचा असला तरी अनुस्वार येतो, बाबांनी, गुरुजींना. र्‍याची एक गंमतही दाखवा. ‘दर्यापूर’मध्ये रफार आहे आणि ‘वऱ्हाड’, ‘शेतकऱ्याला’ यांत आडवा ‘ऱ्’. आचार्यांना म्हणजे गुरूंना, आचाऱ्यांना म्हणजे स्वयंपाक करणाऱ्यांना.

व्याकरणात बोली दोन ठिकाणी आडवी येते. ‘मले, तुले’ या ठिकाणी ‘मला, तुला’, आणि ‘जाऊन राहिलो’ या ठिकाणी ‘जात आहे’. तिला ‘हे चूक’ म्हणू नका. ‘आपण असं म्हणतो, पेपरात असं लिहितात’ म्हणा आणि दोन्ही रूपं शेजारी लिहायला लावा. बाकी शब्दांच्या आठ जाती ती शाळेतच करत असेल. एक जागा मात्र हमखास विचारतात: ‘झाडाखाली’ जोडून, कारण ‘खाली’ तिथे शब्दयोगी अव्यय आहे, ‘खाली बस’मध्ये ते क्रियाविशेषण, म्हणून सुटं.

विरामचिन्हं मराठीत तशी उशिरा आली. एकोणिसाव्या शतकात मेजर थॉमस कँडी यांनी ती रुजवली असं मानतात. त्यांची तयारी कानानेच होते. पाठातला उतारा वाचून दाखवा, पण ‘स्वल्पविराम’, ‘पूर्णविराम’ असं तोंडाने सांगू नका. नुसतं थांबा, आवाज चढवा-उतरवा, तिने ओळखून चिन्ह द्यावं. हाक मारली की स्वल्पविराम: ‘बाबा, गाय सुटली.’ बोलणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे असतील तर दुहेरी अवतरणचिन्ह: आई म्हणाली, “तू कुठे गेली होतीस?” पण ‘तू कुठे गेली होतीस, असे आईने विचारले.’ याच्या शेवटी पूर्णविरामच. इथे खूप पोरं प्रश्नचिन्ह देऊन गुण घालवतात. पत्रलेखनात ‘ता. दर्यापूर, जि. अमरावती’ लिहिताना ‘ता’ आणि ‘जि’ पुढची टिंबं विसरू देऊ नका.

रोज वीस मिनिटं पुरतात. बालभारतीच्या पुस्तकातल्या सहा-सात ओळी तुम्ही वाचा, तिने लिहाव्या. मग पुस्तक तिच्याच हातात द्या आणि चुका तिलाच शोधू द्या. लाल पेन तिचा, तुमचा नाही. चुकलेला शब्द दहा वेळा लिहायला लावू नका. माझ्याकडे पोरं आधी दहा वेळा ‘वि’ उभा लिहून घेत, मग ‘हि’, मग ‘री’, आणि शब्द डोक्यात जातच नसे. त्यापेक्षा त्या शब्दाची तीन वेगळी वाक्यं करायला लावा. एका छोट्या वहीत फक्त बरोबर रूप लिहून ठेवा आणि चार दिवसांनी तेच शब्द परत विचारा. तुम्हाला कापूस वेचायला जावं लागत असेल तर श्रुतलेखन मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवा, ती लावून लिहील.

पेपर झाल्यावर तिने पाच मिनिटं राखून ठेवावी आणि दोनदा वाचावं. पहिल्यांदा फक्त चिन्हं पाहायची, दुसऱ्यांदा फक्त वेलांट्या-उकार. दोन्ही एकदम पाहिलं की डोळा गोष्टीत रमतो आणि ‘विहीरीत’ तशीच राहते.