विहिरीला पेट्रोलचा वास, रिपोर्ट मात्र ‘पिण्यायोग्य’

भाऊ, धुळे-जळगाव हायवेलगत पेट्रोलपंपाला खेटून विहीर, पावसाळ्यानंतर पाण्याला पेट्रोलचा वास आणि हातात ‘पिण्यायोग्य’चा कागद, हे तुमचं वाचलं आणि आमचंच जुनं प्रकरण समोर आलं. पाणी पिऊ नका वगैरे सांगत बसत नाही.

तुमचा रिपोर्ट खोटा नसेलही, पण कामाचा नाही. आमच्याकडे एका कार्यालयाचा माणूस आला, मोटर सुरू करायला लावली, धारेखाली पाण्याचीच रिकामी प्लॅस्टिकची बाटली धरली, अर्धीमुर्धी भरली आणि पिशवीत टाकून चालता झाला. अहो, पेट्रोल पाण्यावर तरंगतं आणि मोटर ओढते खालून! त्यात धारेला हवा लागली की पेट्रोलमधलं बेंझीन उडतं. तपासलं काय, तर क्षार, कठीणपणा, नायट्रेट, जंतू. पेट्रोल शोधलंच नाही. पुढे पंपवाला प्रत्येक वेळी तोच कागद नाचवायचा आणि साहेब मान डोलवायचे.

म्हणून अर्जात ‘पाणी तपासून मिळावे’ असं मोघम लिहू नका. बेंझीन, टोल्यून, इथाइलबेंझीन, झायलीन आणि एकूण पेट्रोलियम हायड्रोकार्बन, अशी नावं घाला. बेंझीनला जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे. नमुना वरच्या थरातून, लॅबने दिलेल्या ४० मिलीच्या काचेच्या बाटलीत, बुडबुडा न ठेवता काठोकाठ, आणि लगेच बर्फात. पंचांसमोर घ्या.

तवंग दिसला तर काडीने ढवळून बघा. काचेसारखे तुकडे पडून तसेच राहिले तर बहुधा लोहजीवाणूंचा. फिरून एकत्र आला तर तेलाचा. विहिरीत मात्र कोणाला उतरवू नका. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, तळाशी साचते. विडीची तर बातच नको.

‘शेजारची विहीर चांगली आहे ना?’ हा युक्तिवाद मला पटत नाही. आपल्याकडे काळ्या मातीखाली कातळ. भेग जिकडे जाईल तिकडे तेल. अर्थात मी शेतकरी, भूगर्भतज्ज्ञ नाही, त्यांचं मत घ्याच.

पंपाचं डिप रजिस्टर, म्हणजे टाकीत किती तेल आहे ते मोजून लिहितात ती वही, आणि विक्रीचा हिशेब बघायला मागा. एकाच टाकीत सतत तूट दिसली तर त्या टाकीची आणि लाइनची गळती चाचणी लेखी मागा. अर्ज प्रदूषण नियंत्रण मंडळाला, प्रत जिल्हाधिकाऱ्यांना. आणि आवकचा शिक्का मिळाल्याशिवाय टेबल सोडू नका.