स्कोप चालू झाला, पण खरं सांगतोय का?

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आणि फोटो पोचले. कॉलेजच्या राइट-ऑफ, म्हणजे हिशेबातून बाद केलेल्या, सामानातून टेक्ट्रॉनिक्स ४६५ ऑसिलोस्कोप (बदलत्या व्होल्टेजचा आलेख पडद्यावर काढणारा आपला ‘स्कोप’) तुझ्या हाती लागला आणि त्याची सगळी बटणं शाबूत आहेत, हे वाचून फार आनंद झाला. ‘आज रात्री प्लगला लावून बघू का?’ असं विचारलं आहेस. नको. काही वर्षं गोदामात पडून राहिलेलं उपकरण आणखी आठ दिवस सहज थांबू शकतं.

तुझ्या टेबलावर काय येऊन बसलंय, ते आधी समजून घे. हा स्कोप १९७२ साली बाजारात आला. १०० मेगाहर्ट्झपर्यंतचे सिग्नल, एकाच वेळी दोन सिग्नल बघायला दोन चॅनेल, सिग्नलचा हवा तो भाग ताणून बघायला डिलेड स्वीप, आणि एका हाताने उचलून नेता येईल एवढं वजन. त्या काळात कॉम्प्युटर दुरुस्त करायला बाहेरगावी जाणारा माणूस हाच उचलून न्यायचा. अमेरिकेत ओरेगन राज्यात बीव्हर्टनला टेक्ट्रॉनिक्सचा कारखाना होता. हॉवर्ड वॉलम आणि जॅक मर्डॉक यांनी १९४६ मध्ये कंपनी काढली, ती दुरुस्ती करणाऱ्या माणसाचा विचार करणारी होती. त्यांच्या जुन्या व्हॉल्व्हच्या स्कोपमध्ये सिरॅमिकच्या पट्ट्यांवर जोडण्या असत. साध्या सोल्डरने त्या पट्ट्यांवरचा चांदीचा थर निघून येतो, म्हणून चांदी मिसळलेल्या सोल्डरचं छोटं रीळ ते स्कोपच्या आतच लावून पाठवायचे. पुढे कधीतरी, कुठेतरी, कोणीतरी हे उघडणार आहे, याची त्यांनी ठेवलेली ही आठवण मला आजही भारावून टाकते. तुझ्या ४६५ मध्ये त्या पट्ट्या नाहीत, साधं ६०/४० सोल्डर चालेल. पण मॅन्युअल त्याच वृत्तीने लिहिलेलं आहे. प्रत्येक सर्किट कसं चालतं याचं त्यात वेगळं प्रकरण आहे आणि नकाशांवर कुठे किती व्होल्टेज, कुठे कसा वेव्हफॉर्म हेही छापलंय. ते प्रकरण पॉवर सप्लायपुरतं तरी वाचून झाल्याशिवाय स्क्रू ड्रायव्हर हातात घेऊ नकोस.

आता मुख्य गोष्ट. पडद्यावर हिरवी रेघ उमटली की बहुतेकांना वाटतं, जिंकलो. पण हे मोजायचं उपकरण आहे. रेडिओची दुरुस्ती अर्धवट राहिली तर कान लगेच सांगतात. स्कोपचा टाइमबेस, म्हणजे पडद्यावरची आडवी वेळ मोजणारा भाग, आठ टक्के मागे असला तर रेघ तितकीच सुंदर दिसते, आणि पुढे त्या स्कोपवर भरवसा ठेवून तू जे जे दुरुस्त करशील त्या सगळ्यात ती चूक उतरते. म्हणून ठरवून टाक की त्याचा आकडा दुसऱ्या भरवशाच्या आकड्याशी जुळला, तरच काम झालं.

सुरुवात स्कोपपासून नाही, तुझ्या घरातल्या प्लगपासून कर. आपल्याकडे बऱ्याच जुन्या घरांत तिसरी पिन नुसती नावाला असते. मल्टीमीटरने फेज आणि अर्थ यांच्यात मोज: २३०च्या आसपास यायला हवेत. न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-चार व्होल्टपर्यंत ठीक. हे जुळत नसेल तर इलेक्ट्रिशियनला बोलाव, ईएलसीबी (करंट अर्थकडे गळला की वीज तोडणारा स्विच) बसवून घे आणि मगच पुढे जा. स्कोपची बॉडी आणि प्रोबची (सिग्नल आत नेणाऱ्या वायरची) काळी क्लिप एकमेकांना जोडलेल्या आणि अर्थवर असतात. काही दुकानांत स्कोपची अर्थ पिन कापून टाकतात, म्हणजे क्लिप कुठेही लावता येते. तसं कधीही करू नकोस. मग सगळी बॉडी ‘लाइव्ह’ होते आणि तिच्यावर तुझा हात असतो. दोन बिंदूंमधला फरक बघायचा असेल तर दोन प्रोब लाव, चॅनेल २ इन्व्हर्ट कर आणि मोड ‘ॲड’वर ठेव. त्यासाठीच ती सोय दिलेली आहे.

मागच्या बाजूला ११५ आणि २३० व्होल्टचा सिलेक्टर आहे, शिवाय लो, मीडियम, हाय असा दुसराही. अमेरिकेतून आलेला एखादा नग ११५वरच राहिलेला असू शकतो, म्हणून डोळ्यांनी बघून खात्री कर. तुमच्याकडे रात्री व्होल्टेज चढतं हे मला माहीत आहे. प्लगवर दिवसा आणि रात्री मोजून मगच दुसरा सिलेक्टर ठरव. फ्यूज २३०च्या रेटिंगचाच हवा. तिथे तांब्याची तार गुंडाळलेली दिसली तर समज की आधी इथे कोणाचा तरी हात फिरलाय, आणि आत दुप्पट काळजीने बघ.

कव्हर काढल्यावर फोटो काढ, भरपूर. ब्रश आणि हलक्या हवेने धूळ काढ, पुढचं पॅनेल ओल्या फडक्याने पूस, एवढी सफाई पुरे. रत्नागिरीच्या हवेत मात्र आणखी एक गोष्ट होते. या स्कोपमधले बरेच ट्रान्झिस्टर सॉकेटमध्ये बसवलेले असतात आणि खाऱ्या दमट हवेने त्यांचे पाय काळवंडतात. मग दोष कधी असतो, कधी नसतो. एकेक ट्रान्झिस्टर काढ, पाय पूस, त्याच जागी त्याच दिशेने परत बसव. सगळे एकदम काढून टेबलावर पसरू नकोस.

आता पॉवर द्यायच्या आधीचं मोजमाप. या कामात मला सगळ्यांत जास्त आनंद इथे मिळतो. ४६५ मध्ये पाच मुख्य सप्लाय आहेत: +११०, +५५, +१५, +५ आणि −८ व्होल्ट. बोर्डावर त्यांचे टेस्ट पॉइंट आहेत. प्लग काढलेला असताना प्रत्येकाचा ग्राउंडशी रेझिस्टन्स मोज आणि वहीत लिही. +५ची लाइन मुळातच कमी दाखवते, घाबरू नकोस. पण कुठे एक ओहमच्या खाली आकडा आला तर तिथे शॉर्ट आहे, आणि दहातल्या बहुतेक वेळा तो टँटलम कपॅसिटरचा असतो. वाटाण्याएवढा तो रंगीत थेंब. जुना झाला की शॉर्ट होतो, आणि एकाच लाइनवर तसे अनेक असतात. नेमका कोणता, हे ओहममीटर सांगू शकत नाही, कारण सगळे एकमेकांना जोडलेले आहेत.

लोक इथे एकेक काढत सुटतात, बोर्डाचे ट्रॅक उखडतात. त्याची गरज नाही. तुझ्याकडे ठाण्याच्या ॲपलॅबचा तो जुना ०–३० व्होल्टचा पॉवर सप्लाय आहे ना, त्याचं व्होल्टेज अर्ध्या व्होल्टवर आणि करंट लिमिट अर्ध्या अँपिअरवर ठेव. अर्धा व्होल्ट एवढ्यासाठी की तेवढ्यावर सिलिकॉनचे ट्रान्झिस्टर जागे होत नाहीत, म्हणजे जवळपास सगळा करंट शॉर्टमधूनच जाणार. लाइन आणि ग्राउंड यांच्यात हा सप्लाय जोड. −८च्या लाइनला मात्र उलटा जोड, पॉझिटिव्ह ग्राउंडला. आता मल्टीमीटर मिलिव्होल्टवर घे. काळी प्रोब सप्लायच्या परतीच्या टोकाला पक्की लाव आणि लाल प्रोब तांब्याच्या ट्रॅकवरून पुढे पुढे ने. शॉर्टच्या दिशेने जाशील तसा आकडा उतरत जाईल: ४२, ३८, ३१, २७. मग एका ठिकाणानंतर तो उतरायचा थांबेल, कितीही पुढे गेलीस तरी २७च. कारण तिथून पुढे करंटच जात नाही. थांबला तिथे मागे ये आणि जवळचा टँटलम बघ. त्याचं एक टोक सोडव, शॉर्ट गेला की नाही ते मोज. एखाद्या फांदीवर छोटा रेझिस्टन्स जळून काळा झालेला दिसला तर तेही तुझं काम सोपं करतं, गुन्हेगार त्याच्या पलीकडेच असतो.

नवा टँटलम लाइनच्या किमान दुप्पट व्होल्टेजचा घे, १५च्या लाइनवर ३५चा. बसवताना एक लक्षात ठेव: टँटलमवर खूण असते ती प्लसची, आणि ॲल्युमिनियमच्या इलेक्ट्रोलिटिकवर पट्टा असतो तो मायनसचा. उलटा बसलेला टँटलम आवाज करून फुटतो. खरेदीला मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात जाशीलच. तिथे चांगला मालही मिळतो आणि काढलेला, पुसून नवा केलेलाही. पाय आधी वाकवलेले किंवा सोल्डरचा अंश लागलेले दिसले तर घेऊ नकोस.

तू विचारलंस की सगळे इलेक्ट्रोलिटिक एकदम बदलून टाकू का. माझं स्पष्ट मत आहे, नाही. चाळीस कपॅसिटर बदलले की चाळीस नव्या चुकांना जागा होते, आणि मूळ दोष काय होता हे कधीच कळत नाही. रिपल, म्हणजे डीसी सप्लायवर उरलेली मेन्सची लहर, मोज. आपल्या ५० हर्ट्झच्या मेन्सचा पूर्ण रेक्टिफाय झालेला रिपल १०० हर्ट्झचा येतो. तो मर्यादेबाहेर असेल तो कपॅसिटर बदल, बाकीच्यांना राहू दे. एका वेळी एकच बदल, आधीचा आकडा आणि नंतरचा आकडा वहीत.

पहिल्यांदा वीज देताना स्कोपच्या फेजमध्ये १०० वॅटचा सिरीज बल्ब ठेव आणि डिमरस्टॅटने (व्होल्टेज कमी-जास्त करणाऱ्या ट्रान्सफॉर्मरने) हळूहळू चढव. बल्ब चमकून मंद झाला तर चांगलं, लखलखीत राहिला तर लगेच बंद कर. हा नियम ४६५सारख्या साध्या ट्रान्सफॉर्मरच्या उपकरणासाठी आहे. पुढे २४६५सारखा स्विचिंग सप्लायचा स्कोप हाती आला तर त्याला डिमरस्टॅटने हळू चढवू नकोस. कमी व्होल्टेजवर तो जास्त करंट ओढतो आणि त्यात त्याचाच घात होतो.

पिक्चर ट्यूबच्या मागे पंधरा हजार व्होल्टच्या वर असतात आणि प्लग काढल्यावरही काही वेळ टिकतात. त्या भागात एकटीने काम करायचं नाही, घरात कोणीतरी हाकेच्या अंतरावर हवं. एक हात पाठीमागे. अंगठी, बांगड्या, घड्याळ काढलेलं. ॲनोड, म्हणजे ट्यूबचं हाय व्होल्टेजचं टोक, मोकळा करायचाच असेल तर मोठ्या रेझिस्टन्समधून, चांगल्या इन्सुलेशनच्या वायरने. आणि पावसाळ्यात आणलेलं उपकरण आधी आठवडाभर कोरड्या, उबदार खोलीत ठेव. दमट धुळीतून हाय व्होल्टेज वाट काढतं.

व्होल्ट्स-पर-डिव्हिजनचा स्विच फिरवताना सिग्नल तुटत असेल तर त्यावर स्प्रे मारायचा मोह आवर. आत बोर्डावरच सोन्याचे नाजूक कॉन्टॅक्ट आहेत. कोऱ्या कागदाची पट्टी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजव, कॉन्टॅक्टखाली सरकव आणि अलगद ओढून काढ. पट्टीवर काळी रेघ येईल. ती यायची थांबली की झालं.

आता जुळवणी. स्कोप किमान वीस मिनिटं गरम होऊ दे. आधी +५५, कारण बाकीचे सप्लाय त्याच्या आधारावर उभे आहेत. मग ट्यूब, मग व्हर्टिकल (उभी उंची, म्हणजे व्होल्टेज), मग ट्रिगर (रेघ एका जागी स्थिर ठेवणारा भाग), शेवटी टाइमबेस. मॅन्युअलमधला क्रम मोडू नकोस, प्रत्येक पायरी आधीच्या पायरीवर अवलंबून आहे. व्हर्टिकलची कंपनीने सांगितलेली अचूकता ३ टक्के. म्हणजे पडद्यावर आखलेल्या पाच घरांच्या उंचीत ०.१५ घर, मधल्या बारीक खुणांच्या पाऊण भागाएवढं. तेवढ्यात आलं की थांब. त्याहून जास्त या यंत्राकडे मागू नकोस, आणि त्याहून कमीवर समाधानही मानू नकोस.

वेळेसाठी समोरच्या १ किलोहर्ट्झच्या कॅलिब्रेटरवर विसंबू नकोस. त्याची फ्रिक्वेन्सी फक्त साधारण आहे. तो प्रोब जुळवण्यासाठी आहे, त्याचा ०.३ व्होल्ट मात्र उपयोगी पडतो. संथ रेंजला तुझी घरची मेन्स चालेल, ६ व्होल्टच्या छोट्या ट्रान्सफॉर्मरमधून. ग्रीडने ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झमध्ये राहावं असा नियम आहे, म्हणजे चूक ०.२ टक्क्यांची, स्कोपच्या मानाने नगण्य. ५ मिलिसेकंदांवर एक आवर्तन बरोबर चार घरं घ्यायला हवं. वेगवान रेंजसाठी १ आणि १० मेगाहर्ट्झचे क्रिस्टल ऑसिलेटर आण, थोड्या पैशांत मिळतात आणि स्कोपपेक्षा शेकडो पटींनी अचूक असतात. व्होल्टेजसाठी माझा मल्टीमीटर पाठवतो. तो एनएबीएलची (प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची) मान्यता असलेल्या प्रयोगशाळेतून तपासून आलेला आहे, म्हणजे त्याच्या आकड्याची साखळी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेपर्यंत जाते. त्याचं प्रमाणपत्र सोबत ठेवतो. ते वाच, प्रत्येक रेंजला किती चूक आहे ते त्यात लिहिलंय. ती वजा करूनच तुझा आकडा लिही.

आधी पाचही लाइनचे रेझिस्टन्स मोजून मला कळव, प्लग न लावता. आणि +१५च्या लाइनवर, फोटोत उजव्या कोपऱ्यात, मला एक थोडा काळपट थेंब दिसतोय. पहिली शंका त्याची घे, पण मिलिव्होल्टने सिद्ध झाल्याशिवाय काढू नकोस.

तुझा,
काका